पाडवा ते पाडवा

ग्लासगो, ३ नोव्हेंबर २०२५

सौ. देवयानीवहिनी,

नमस्कार लिहावा की नाही, या विचारात एक कप चहा संपला. तेव्हा तो केला असं समजा. पत्र लिहितेय, कारण व्हॉट्सॲपवर तुम्ही मला ब्लॉक केलंय, फोन उचलत नाही, आणि समरभाऊजींना काही सांगायला जावं तर ते म्हणतात, "देवयानीशी बोलून घे." पोस्टमनला अजून ब्लॉक करता येत नाही.

आई पोचल्या हे तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच पोचवल्यात. पाडव्यानंतरच्या शनिवारी आमच्या दारात गाडी उभी केलीत, इंजिनसुद्धा बंद केलं नाहीत. बॅग फुटपाथवर, आई फुटपाथवर, चकल्यांचा डबा फुटपाथवर. वर या, चहा घ्या म्हटलं, तर "लाँग ड्राइव्ह आहे गं." तुमच्या तनूने काच खाली करून आमच्या मायराला टाटा केला. त्या काचेतून तुमच्या गाडीतली ऊब माझ्या तोंडावर आली. खरं सांगते, मी एक पाऊल पुढे सरकले होते.

मुद्द्यावर येते. बाबा गेल्यावर ब्रिस्टलचं घर विकलं, दोन मुलांना दोन वाटे मिळाले आणि आईंचेही दोन वाटे झाले. गुढीपाडव्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थोरल्याकडे केंब्रिजला, दिवाळीच्या पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंत धाकट्याकडे ग्लासगोला. पाडवा ते पाडवा. मुहूर्त आईंनीच सुचवला होता आणि आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. साडेतीन मुहूर्तांतला पूर्ण तुम्हाला आणि अर्धा आम्हाला आला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पुण्यात ही वाटणी अगदी सरळ झाली असती. इथे तिचा अर्थ असा, की उन्हाळा सगळा तुमचा आणि हिवाळा सगळा आमचा. त्या दिवशी हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. की तुमच्या आलं होतं? "किती छान कल्पना आहे, आई," असं सगळ्यांत आधी तुम्ही म्हणाला होतात.

अवधूतची नोकरी होती तोवर हे टोचलं नाही. ऑगस्टमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि दुसरं मिळालेलं नाही. बिलं थकल्यावर कंपनीने आधी पैसे भरायचं मीटर बसवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्ड भरून आणायचं, ते संपलं की घर गार. हा जुना दगडी फ्लॅट, छत इतकं उंच की सगळी ऊब वर जाऊन बसते आणि आपण खाली राहतो. हीटिंग सकाळी एक तास आणि मायरा शाळेतून आली की एक तास. आणि नेमक्या त्याच तासाला तुमच्या सासूबाई उठून दार उघडतात!

हसू नका. इथे आता साडेचारलाच अंधारतं. अंधारलं की आई देवापाशी दिवा लावतात आणि बाहेरचं दार सताड उघडं ठेवतात. तिन्हीसांजेला दार बंद ठेवू नये, लक्ष्मी परत जाते. जिन्यातला गारठा पायऱ्या चढून थेट आमच्या बैठकीत येतो. मी रोज ओरडते, "आई, दार लावा, ऊब जाते." त्या म्हणतात, "दोनच मिनिटं गं." लक्ष्मी काही अजून आली नाही. खालच्या मजल्यावरचं मांजर आलं होतं.

मला आई आवडत नाहीत असं नाही. मला थंडी आवडत नाही. मी भांडायला लिहीत नाहीये, विनंती करतेय. नाताळात त्यांना तुमच्याकडे न्या आणि पाडव्यापर्यंत ठेवा. त्याबदल्यात जून-जुलै-ऑगस्ट आम्ही ठेवू. तुमच्या नव्या किचनच्या फरशीखालून ऊब येते. ती फरशी कुणाच्या घराच्या पैशातून आली हे मी फॅमिली ग्रुपवर विचारलं म्हणूनच तुम्ही मला ब्लॉक केलंत. तो प्रश्न मी मागे घेते. तुम्ही आईंना घ्या.

धाकटी जाऊ (अजून तरी),
ऋजुता


ग्लासगो, २४ नोव्हेंबर २०२५

देवयानीवहिनी,

तुमचं उत्तर पार्सलने मिळालं. गरम पाण्याची रबरी बाटली, तिला लोकरीचं कव्हर, कव्हरावर लाल नाकाचं हरीण. आई इतक्या खूश झाल्या की मला बोलता येईना. भाऊजींनी अवधूतला फोन करून सल्लाही दिला, "लेयर्स घालायला सांग रे आईला, आणि एकाच रूममध्ये बसा सगळे." उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! आम्ही एकाच खोलीत बसतो म्हणूनच तर एकमेकांचे गळे धरायची वेळ आली आहे.

आईंना थर्मोस्टॅटचा नाद लागलाय. पॅसेजमध्ये तो गोल डायल आहे, मी कामावर गेले की तो आपोआप फिरतो. विचारलं की म्हणतात, "मी नाही हो." मग मी मायराला कामाला लावलं. आठ वर्षांची आहे, पण नजर घारीची. मी दारात पाय ठेवला की रिपोर्ट, "मम्मा, आजी डायल फिरवला! ट्वेंटी केला होता!" हजार वेळा सांगितलं, आजीने फिरवला म्हण. पण बातमी पक्की असते. परवा मी आईंना डायलसमोर उभं केलं आणि मायरादेखत सांगितलं, "आई, ह्याला हात लावायचा नाही. परत लावलात तर मी अवधूतला सांगून कुलूप लावेन." त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले. त्यानंतर डायल जागचा हलला नाही. थोडी शिस्त लागते माणसाला, कुठल्याही वयात.

तुम्ही म्हणाल, दिवसभर त्या काय करतात. ऐका. आमच्या रस्त्याच्या टोकाला चर्च आहे, तिथल्या हॉलमध्ये हिवाळ्यात हीटर लावून ठेवतात. ज्यांना घरात परवडत नाही त्यांनी यायचं, बसायचं, सूप-ब्रेड फुकट. आई आठवडाभर गुपचूप तिथे जात होत्या. छान बसायच्या म्हणे, विणकाम करायच्या, म्हाताऱ्यांशी गप्पा मारायच्या. मला कधी कळलं? इथल्या मराठी मंडळातल्या निवेदिताने सांगितलं तेव्हा. ती तिथे जुने कपडे द्यायला गेली होती. मला म्हणते कशी, "अगं, तुझ्या सासूबाई दिसल्या. सूप पीत होत्या. सगळं ठीक आहे ना तुमच्याकडे?" तो "ना" ऐकायला हवा होतात तुम्ही. गुरुवारी ऐकलं, रविवारपर्यंत सगळ्या मंडळाला कळलं असणार.

त्या दिवशी मी आईंना जे बोलले ते लिहीत नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "तिथे ऊब होती गं. कुणी काही विचारत नाहीत." मी म्हटलं, "लोक मागून विचारतात, आई. तिथे परत जायचं नाही." आता त्या घरीच असतात, दोन स्वेटर, कोट आणि त्यावर शाल घेऊन बे विंडोपाशी बसतात, जरा ऊन आलं तर म्हणून. ऊन येत नाही. पण घराण्याची अब्रू शाबूत आहे, तुमच्याही.

ब्लॉक तुम्ही मला केलंत, मायराला नाही. तनू तिला रोज मेसेज करते. शाळा सुटली की दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, तुमचं तेनेरिफेचं विमान आहे म्हणे. आठ दिवस बीच. मायराने विचारलं, "मम्मा, तिथे हीटिंग लागतो का?" मी म्हटलं, तिथे देव लावतो.

एक विचारायचं राहिलं. म्हाताऱ्या माणसांना हिवाळ्यात सरकार थंडीचे पैसे देतं. आईंची बँक, पासपोर्ट, सगळ्यावर तुमचा पत्ता. तेव्हा थंडी आमच्याकडे आणि थंडीचे पैसे तुमच्याकडे, असं तर नाही ना? सहज विचारलं.

उत्तराची वाट पाहतेय. बाटली नको.

ऋजुता


ग्लासगो, १५ डिसेंबर २०२५

देवयानीवहिनी,

तुमचं ख्रिसमस कार्ड मिळालं. बर्फात रॉबिन पक्षी, आत छापलेलं "स्टे वॉर्म" आणि खाली तिघांची नावं. माझ्या दोन पत्रांतल्या एकाही वाक्याला उत्तर नाही. कार्ड आईंनी देवापाशी लावलंय. मी काढून टाकणार होते, पण त्यांनी पाहिलं आणि मी हात मागे घेतला.

आईंना खोकला झालाय. कोरडा, कुत्रं भुंकल्यासारखा. डॉक्टरकडे नेलं. तरुण मुलगी होती बिचारी, म्हणाली, "खोली निदान अठरा डिग्री ठेवा." मी हसले. ती घाबरली असावी, कारण नंतर तिने मलाच विचारलं की मी ठीक आहे का.

मी कुठे काम करते तुम्हाला माहीत आहे. केअर होम. तिथे तेवीस डिग्री असतं, वहिनी, म्हाताऱ्या ब्लाउजची बटणं काढून बसतात. मी त्यांचे केस विंचरते, पायांना क्रीम लावते. त्या मला "स्वीटहार्ट" म्हणतात. मीही तिथे फार गोड असते. गरम खोलीत गोड असणं सोपं आहे. मग मी बसने घरी येते, दार उघडते, आणि तोंडातून वाफ निघते तिच्याबरोबर मी पण बदलते. हे मला कळतं. कळून काय करू?

मागच्या आठवड्यात शिफ्टवरून आले. बोटं सुजलेली, लाल, खाजणारी. तशीच पांघरुणात शिरले तर पायाला काहीतरी गरम लागलं. हरणाची बाटली. आईंनी स्वतःची भरून माझ्या अंथरुणात ठेवली होती. मी उठून त्यांच्या खोलीत गेले आणि ओरडले, "किटली लावायला कुणी सांगितलं होतं? कार्ड आज भरायला पैसे आहेत का माझ्याकडे?" त्या खोकत म्हणाल्या, "तू गारठून येतेस म्हणून गं." मी म्हटलं, "माझी काळजी करू नका, मीटरची करा." बाटली मात्र परत दिली नाही. सकाळपर्यंत कोमट होती.

अवधूत टोपी घालून लॅपटॉपसमोर बसतो आणि अर्ज भरतो. आईसमोर आला की मोठ्यांदा खोकतो, म्हणजे तिचा खोकला ऐकू येऊ नये. तुमचे दिवस बरे आहेत म्हणून भाऊजी चांगला मुलगा ठरतात. हा पण तसाच होता.

परवा आई मायराला सांगत होत्या, ब्रिस्टलला आल्या त्या पहिल्या हिवाळ्याची गोष्ट. एक खोली, गॅसची शेगडी, आणि मीटर नाणं टाकायचं. नाणं एकच असलं की बाबा ते टाकायचे, आईंना शेगडीपाशी बसवायचे आणि आपण कोट घालून बाहेर चालायला जायचे, चालून ऊब येते म्हणून. "मग आजोबा परत आला का?" मायराने विचारलं. "यायचे की. नाक लाल करून." दोघी हसत होत्या. मला त्या हसण्याचा राग आला. मला कुणी असं बसवलेलं नाही.

तर आता ऐका. मी ठरवलंय. तुम्ही उत्तर देत नाही म्हणजे हो, असं मी धरते. सोमवारी, बावीस तारखेला, आई तुमच्याकडे येताहेत. अवधूत एडिनबरापर्यंत सोबत जाऊन गाडीत बसवेल, पीटरबरोला स्टेशनची माणसं गाडी बदलून देतील, केंब्रिजला टॅक्सी. तुमच्या घराची किल्ली त्यांच्या पर्सला आहेच. घरात कुणी ना कुणी असेलच म्हणा. लोकांच्या सुट्ट्यांच्या तारखा पाठ करत बसायला मला वेळ नाही. अवधूतला सांगितलंय, वहिनी वाट बघताहेत.

हे पत्र सेकंड क्लासने टाकतेय. फर्स्टचं तिकीट महाग झालंय.

ऋजुता


ग्लासगो, ६ जानेवारी २०२६

देवयानीवहिनी,

काल तुम्ही मला अनब्लॉक केलंत. आभार. तरी हे पत्रानेच लिहितेय, कारण फोनवरचं राहतं आणि आपल्या मुली वाचतात. वाचून झालं की फाडा.

"आईंना मरायला पाठवलंस" असं तुम्ही मेसेजमध्ये लिहिलंत. मी मरायला नाही, तुमच्या घरी पाठवलं होतं. दोन्हींत फरक असायला हवा होता.

काय झालं ते मला बार्बराकडून कळलं, तुमची शेजारीण, तीच, कुत्रेवाली. आई सोमवारी संध्याकाळी पोचल्या. घर बंद, आत गार. मला फोन केला, "घरात कुणी नाही गं. बाहेर गेले असतील." मी म्हटलं, "येतील. बसा." आणि एक सांगितलं, तेही तुमच्याच भल्यासाठी. "तिथे कशाला हात लावू नका, आई. बिल त्यांना येतं." त्या "बरं" म्हणाल्या. अवधूतने विचारलं तेव्हा मी सांगितलं, सुखरूप पोचल्या. खोटं काय होतं त्यात?

लावायचा म्हटला तरी त्यांना तुमचा हीटर लावता आला नसता. त्या तुमच्याकडे राहिल्या सगळ्या उन्हाळ्यांत. हीटर कसा लावतात हे बघायची वेळच आली नाही. आणि तुमच्याकडे तो भाऊजींच्या फोनवर चालतो. भिंतीवर नुसती काळी काच. पण त्यांनी त्या काचेला बोटही लावलं नाही म्हणे. बार्बरा म्हणाली, "आय आस्क्ड हर व्हाय, अँड शी सेड, आय ॲम नॉट अलाउड." कोट घालून, त्या किचनमध्ये, त्या फरशीवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. बुधवारपर्यंत.

बार्बराला कसं कळलं, ते तुम्हाला कुणी सांगितलं का? आई तिथेही अंधारताना दिवा लावून बाहेरचं दार उघडत होत्या. आतबाहेर गारठा सारखाच, तरी दोन मिनिटं दार उघडं. बुधवारी दोन मिनिटांनी उठून ते लावण्याइतकं त्राण राहिलं नसावं. बार्बरा कुत्र्याला फिरवून परत आली तरी दार तसंच उघडं, म्हणून ती आत शिरली. मी दोन महिने त्या दारावरून ओरडले, वहिनी. शेवटी लक्ष्मी आली, कुत्र्यासकट.

आता तुमचं. पोलीस, डॉक्टर, भाऊजी, सगळ्यांना तुम्ही सांगितलंत, आम्हाला काही कल्पनाच नव्हती. बरोबर. पण तुमच्या दाराच्या बेलला कॅमेरा आहे. सोमवारी संध्याकाळी तनूने मायराला मेसेज केला होता, "आजी आमच्या डोअरबेलमध्ये आली!" आणि पुढे, "ममा म्हणाली डॅडला सांगू नको. ऋजुताकाकूची आयडिया आहे, काकूच परत नेईल." मायराने मला तो तेव्हाच वाचून दाखवला होता. म्हणजे तुम्ही तिकडे वाट बघत होतात की मी नेते का, आणि मी इकडे वाट बघत होते की तुम्ही परत येता का. दोघींनाही माहीत होतं त्या कुठे आहेत.

तेव्हा हे आपल्या दोघींत राहू दे. मी डोअरबेलचं भाऊजींना सांगत नाही, तुम्ही माझ्या पत्रातलं तेनेरिफेचं अवधूतला सांगू नका. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपलं एकमत होतंय.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. अवधूत परवा आईंना बघायला केंब्रिजच्या हॉस्पिटलला जाऊन आला. नर्सने दारातच थांबवलं. आईंनी लिहून दिलंय, मुलांना माझी माहिती देऊ नये. जवळचं माणूस म्हणून नाव कुणाचं दिलंय, तर बार्बराचं! नर्स बिचारी चांगली होती, एवढंच म्हणाली की तब्येत सुधारतेय, पण रोज रेडिएटरकडे बघून विचारतात, याचं बिल कुणाला येतं. अवधूत परतीच्या गाडीत रडला असावा, डोळे सुजले होते. घरी आल्यावर माझ्याशी बोलला नाही, तो अजूनही नाही.

दोन मुलगे, दोन सुना, दोन नाती, आणि आईंना कुत्रेवाली जवळची वाटते. मला लाज वाटली. आणि राग आला, तो लाजेपेक्षा जास्त.

ऋजुता


ग्लासगो, २२ मार्च २०२६

देवयानीवहिनी,

तुम्ही विचारलंत म्हणून सगळं लिहिते.

आई कुठे राहतात हे मला मायराच्या वाढदिवसाच्या कार्डावरून कळलं. कौन्सिलने त्यांना म्हाताऱ्या माणसांच्या वसाहतीत एक खोली-किचन दिलंय, तुमच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर. हीटिंग भाड्यातच. कार्डात लिहिलं होतं, "मायरा, माझं घर बघायला ये." फक्त मायरा.

तरी मी गेले. पाडवा गुरुवारी झाला, आम्ही काल शनिवारी निघालो. खरं कारण सांगू? पाडव्याला मंडळात श्रीखंड-पुरी होती आणि निवेदिता सगळ्यांसमोर म्हणाली, "सासूबाई हल्ली दिसत नाहीत?" मी म्हटलं, केंब्रिजला आहेत, उन्हाळा त्यांचा तिकडे असतो. ती म्हणाली, "पण अजून हिवाळाच आहे ना गं?" मला वाटलं, आईंना घेऊनच यावं. समजूत घालावी, पाया पडावं, काहीही करावं. अवधूतला परत नोकरी लागली आहे, आता दिवसभर हीटिंग ठेवू, हे त्यांना सांगायचं होतं. गाडीत मी ही वाक्यं मनात म्हणत गेले. ती खरी होती, वहिनी. यावेळी खरी होती.

गाड्यांचा गोंधळ झाला आणि पोचेपर्यंत अंधारून आलं. पाऊस नाही, पण बर्फाचे बारीक कण वाऱ्यावर. सरळ अंगणात उघडणारी दारं आहेत तिथे, रांगेने. एकच दार उघडं होतं. आत समई दिसत होती.

मी हातातला श्रीखंडाचा डबा मायराकडे दिला आणि पदर सारखा केला. दारातूनच ऊब येत होती, तुमच्या गाडीच्या काचेतून आली होती तशी. आत रेडिएटरपाशी बार्बराचं कुत्रं पाय पसरून झोपलं होतं. बार्बरा सोफ्यावर चहा पीत होती, तिने मला पाहिलं आणि कप खाली ठेवला.

आई आल्या. नुसती सुती साडी, वर स्वेटरसुद्धा नाही. हात उघडे. मी इतक्या वर्षांत हिवाळ्यात त्यांचे हात पाहिले नव्हते, नेहमी कशात तरी गुंडाळलेले. तब्येत चांगली आहे. गाल भरलेत.

मायरा म्हणाली, "आजी, मी आला!" तिला अजून "आले" म्हणता येत नाही. आई हसल्या, तिच्या टोपीवरचे कण झटकले आणि म्हणाल्या, "ये गं माझी बाय, ये आत." ती आत गेली. मी वाकले, पायाला हात लावायला. आई मागे सरकल्या. मी म्हटलं, "आई, घरी चला. अवधूतला नोकरी लागली आहे. आता दिवसभर..." त्यांनी मला बोलू दिलं. रागावल्या नव्हत्या. मला वाटतं, रागावल्या असत्या तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, दारात आलेल्या विक्रेत्याचं ऐकून घेतात तसं. मग त्यांनी दाराला हात घातला.

तिन्हीसांजेची वेळ होती, वहिनी. समई लावलेली होती. त्या वेळेला आई दार लावत नाहीत. तुमच्या गार घरात, अंगात त्राण नसताना लावलं नाही.

"बाहेर हो, ऋजुता," त्या म्हणाल्या. "दार लावते. ऊब जाते."

आणि लावलं.

मी तिथे उभी राहिले. जाणार कुठे, मायरा आत होती. खिडकीला पडदा होता, फट नव्हती. आतून मायराचं हसणं ऐकू येत होतं, मध्येच कुत्र्याचं भुंकणं. मी हात काखेत घातले, पाय आपटले, अंगणात फेऱ्या मारल्या. चालून ऊब येते म्हणतात. येत नाही.

तुमच्यासाठी दारच उघडलं नाही, असं भाऊजी सांगत होते. म्हणजे मी तुमच्यापेक्षा दोन मिनिटं पुढे आहे. एरवी मला हे फार गोड वाटलं असतं.

बऱ्याच वेळाने बार्बराने मायराला बाहेर सोडलं. डबा रिकामा, धुऊन पुसून परत दिलेला. मायराचे गाल लालबुंद, कोट हातावर. रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "मम्मा, आजीचा घर इतका वॉर्म आहे! आणि आजीकडे पण डायल आहे. मी हात नाही लावला, प्रॉमिस. पण आजी म्हणाला, लाव, फिरव तुला पाहिजे तेवढा. मग मी फिरवला, एकदम फुल. आजी काहीच नाही बोलला."

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही म्हणाल्या?"

"नाही," मायरा म्हणाली. "आम्ही श्रीखंड खाल्ला."

तिने हातमोजे घातले नव्हते. मी तिचे हात हातात घेतले. गरम होते, आतपर्यंत. स्टेशन येईपर्यंत ती सारखी सोडवून घेत होती आणि मी सोडत नव्हते.

ऋजुता